बाळ कुणाचं? नवजात बाळाची डीएनए टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

मंद्रूपहून मी बोलतोय. हेडफोन असेल तर लावा, कारण आजचा विषय घरात मोठ्या आवाजात ऐकायला थोडा अवघड आहे.

नवजात बाळाची डीएनए टेस्ट. यावर जे प्रश्न येतात ते साधारण तीनच असतात. टेस्ट कुठं होते? किती दिवसांत रिपोर्ट येतो? आणि तिसरा, जरा आवाज खाली घेऊन विचारलेला: घरात कुणाला न सांगता होते का? बायकांकडून येणारा एक चौथा प्रश्नही आहे, आणि तो मला जास्त लागतो: सासरचे कुजबुजतात, तर टेस्ट करून एकदाचं त्यांचं तोंड बंद करू का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुगलवर दोन मिनिटांत सापडतात. तिसरा आणि चौथा मात्र नीट समजून घ्यायला हवेत, कारण त्यात एका लेकराचं आयुष्य अडकलेलं असतं. आज त्यावरच बोलू.

टेस्ट नेमकं काय बघते?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्यातला निम्मा आईकडून आलेला, निम्मा बापाकडून. डीएनएमध्ये काही ठिकाणं अशी आहेत, जिथं एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्यात तो बारा वेळा येतो, कुणाच्यात सतरा वेळा. लॅब अशी वीसेक ठिकाणं निवडते आणि प्रत्येक ठिकाणचे आकडे मोजते.

एक उदाहरण घेऊ. एका ठिकाणी आईचे आकडे १२ आणि १५ आहेत. बाळाचे आहेत १२ आणि १७. म्हणजे १२ आईकडून आला. मग १७ कुठून आला? बापाकडूनच यायला हवा. ज्याला बाप म्हटलं जातंय त्याचे आकडे १४ आणि १७ असतील तर इथं जुळलं. असं वीसच्या वीस ठिकाणी बघायचं. सगळीकडं जुळलं तर रिपोर्टमध्ये ९९.९९ टक्के किंवा त्याहून मोठा आकडा येतो. बऱ्याच ठिकाणी जुळलं नाही तर हा माणूस जैविक बाप नाही असा निष्कर्ष निघतो. एखाद्याच ठिकाणी फरक पडला तर लगेच नाही म्हणत नाहीत. पिढी बदलताना एखादा आकडा आपोआप बदलू शकतो, त्यामुळं लॅब आणखी ठिकाणं तपासते.

हे तंत्र फार जुनं नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग सापडलं. भारतात ते हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या लालजी सिंग यांनी उभं केलं, आणि आपल्याकडं ते सुरुवातीला ज्या खटल्यांत वापरलं गेलं त्यांत केरळमधल्या थलश्शेरीच्या कोर्टातला पितृत्वाचाच एक खटला होता.

नवजात बाळाचं काय वेगळं असतं? तसं काहीच नाही. डीएनए जन्मापासून तोच असतो, त्यामुळं बाळ एक दिवसाचं असो की एक वर्षाचं, उत्तर तेच येतं. रक्त काढायचीही गरज नसते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झालं. एक काळजी मात्र घ्यावी लागते. बाळ नुकतंच अंगावर प्यालं असेल तर आईच्या दुधातल्या पेशी तोंडात असतात, आणि नमुन्यात आईचा डीएनए मिसळू शकतो. म्हणून दूध पाजल्यावर थोडा वेळ थांबून नमुना घेतात.

आता टेस्टच्या मर्यादा. एक, तंतोतंत सारखे जुळे भाऊ असतील तर त्यांच्यातला बाप कोण हे ही नेहमीची टेस्ट सांगू शकत नाही. दोन, संशय सख्ख्या भावांमधल्या कुणावर असेल तर लॅबला ते आधी सांगावं लागतं, कारण भावांचे बरेच आकडे सारखे असतात. तीन, आईचा नमुना दिला तर उत्तर जास्त पक्कं येतं.

आणि बाळ पोटात असतानाच टेस्ट? परदेशी वेबसाइट अशी जाहिरात करतात. आपल्याकडं १९९४ चा गर्भलिंग निदान कायदा आहे. गर्भाची तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येते याची यादी त्या कायद्यात आहे, आणि ती ठरावीक आजार आणि व्यंगांची यादी आहे. बाप कोण हे त्या यादीत नाही. त्यामुळं तो विषय तिथंच संपला.

संशय येतो कुठून?

आता खरं बोलू. संशय बऱ्याचदा लॅबमधून येत नाही, बारशातून येतो. पाळण्याभोवती चार बायका आणि दोन काका जमले की कुणीतरी म्हणतं, "लग्नाला आठच महिने झाले की ओ." दुसरं म्हणतं, "रंग कुणावर गेलाय कळंना." तिसऱ्याला रक्तगट आठवतो. यातलं एकेक घेऊ.

आठ महिन्यांचा हिशोब. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ प्रत्यक्षात राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे केस पेपरवर चाळीस आठवडे लिहिलं असलं तरी गर्भ राहून अडतीसच झालेले असतात. त्यात ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेलं बाळ पूर्ण दिवसांचंच धरतात. ३७ मधून दोन गेले, राहिले ३५ आठवडे. ३५ आठवडे म्हणजे २४५ दिवस, म्हणजे आठ महिने आणि काही दिवस! लग्नानंतर लगेच दिवस राहिले आणि आठ महिन्यांनी धडधाकट बाळ झालं, यात काडीचंही आश्चर्य नाही. शिवाय कितीतरी बाळं ३७ च्या आधीही येतात.

रंग आणि चेहरा. जन्मल्या जन्मल्या बाळाचा जो रंग असतो तो टिकत नाही. पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत तो बदलत जातो. रंग एका जीनवर नाही, अनेक जीन्सवर ठरतो. आजीचा सावळा रंग नातवात यायला काहीच हरकत नसते.

रक्तगट. इथं फार घोळ होतो. आई ए आणि बाप बी असेल तर बाळ ओ होऊ शकतं. आईबाप दोघंही पॉझिटिव्ह असताना बाळ निगेटिव्ह होऊ शकतं. शाळेत शिकवतात की दोघंही ओ असतील तर बाळ ओच होणार. बहुतेक वेळा ते बरोबरच आहे. पण याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात सापडला. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे कुणाशीच जुळत नव्हतं. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. अशा माणसाचं रक्त साध्या तपासणीत ओ दिसतं, पण त्याच्या जीनमध्ये ए किंवा बी लपलेला असू शकतो आणि तो मुलात उतरू शकतो. म्हणजे कागदावर आईबाप दोघंही ओ, आणि बाळ बी. लेकरू त्यांचंच! हा गट दुर्मीळ आहे, पण सांगायचा मुद्दा असा की रक्तगटाच्या कार्डावरून कुणी घरातल्या बाईवर आरोप करू नये. आणि कार्डावर चुकीचा गट लिहिला जाणं हे तर दुर्मीळही नाही.

कागदावरची एक चूक: बीड, २०१८

चुकीचं लिहिलं जाणं म्हटलं की बीडची गोष्ट सांगायलाच हवी. मे २०१८. बीडच्या जिल्हा रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. बाळाचं वजन कमी होतं म्हणून ते पुढं खासगी रुग्णालयात हलवलं. सरकारी कागदावर नोंद होती: मुलगा. काही दिवसांनी घरी न्यायची वेळ आली तेव्हा हातात दिली मुलगी.

आईबाप म्हणाले, ही आमची नाही, आमचं बाळ बदललं. त्यांनी मुलीला घ्यायला नकार दिला. पोलिसात तक्रार झाली, बातम्या झाल्या. शेवटी आईबाप आणि बाळ यांची डीएनए टेस्ट झाली. रिपोर्ट आला: मुलगी त्यांचीच होती. बाळ बदललंच नव्हतं. बदलला होता कागदावरचा एक शब्द.

मी त्या आईबापांना नावं ठेवत नाही. सरकारी कागदावर मुलगा लिहिलंय आणि हातात मुलगी आली, तर कुणाच्याही डोक्यात किडा वळवळेल. तिथं टेस्ट करणंच बरोबर होतं, आणि विज्ञानानं तिथं एका मुलीला तिचं घर मिळवून दिलं. पण एक प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवतो, उत्तर मनातल्या मनात द्या. कागदावर मुलगी लिहिलेलं असतं आणि हातात मुलगा आला असता, तर किती घरं पोलीस स्टेशनला गेली असती?

याच्या उलटही घडलंय. आसामच्या मंगलदै इथल्या सरकारी रुग्णालयात २०१५ मध्ये दोन बाळांची खरोखर अदलाबदल झाली होती, एक बोडो कुटुंबातलं आणि एक मुस्लिम कुटुंबातलं. डीएनए टेस्टनं ते सिद्ध झालं. पण तोवर मुलं अडीच-तीन वर्षांची झाली होती. कोर्टात अदलाबदल करायची वेळ आली तेव्हा मुलं वाढवणाऱ्या आईला सोडायला तयार होईनात. दोन्ही कुटुंबांनी ठरवलं, जे लेकरू ज्याच्या घरी वाढलं ते तिथंच राहील. टेस्टनं रक्ताचं उत्तर बरोबर दिलं होतं. घर कुणाचं, याचं उत्तर त्या चार माणसांनी आणि दोन पोरांनी दिलं.

कायदा कुणाच्या बाजूला उभा आहे?

आता कायदा. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात तेच कलम ११६ म्हणून आलंय. साध्या भाषेत सांगतो. वैध लग्न टिकून असताना मूल जन्मलं, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत जन्मलं आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नाही, तर ते मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. ज्याला हे मान्य नाही त्यानं सिद्ध करायचं की मूल राहण्याच्या काळात नवराबायकोचा एकमेकांशी संबंध येणं शक्यच नव्हतं.

ओझं कुणावर आहे ते बघा. बाळावर नाही. आईवरही नाही. संशय घेणाऱ्यावर आहे. म्हणून त्या चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर: ताई, तुला काहीही सिद्ध करायचं नाहीये. कुजबुजणाऱ्यांच्या समाधानासाठी लेकराच्या तोंडात काडी फिरवायची काहीच गरज नाही. आज टेस्ट दिली तर उद्या ते दुसरं काहीतरी शोधतील.

कोर्टात मागितली की टेस्ट मिळते असंही नाही. १९९३ मध्येच सुप्रीम कोर्टानं गौतम कुंडू खटल्यात सांगितलं की अशा तपासण्यांचे आदेश सरसकट द्यायचे नाहीत, आणि कुणाला नमुना द्यायची जबरदस्तीही करायची नाही.

अगदी जवळचं उदाहरण पुण्याचं. घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्यानं बायकोचे दुसऱ्या कुणाशी संबंध आहेत असा आरोप केला आणि ते सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या मुलाची डीएनए टेस्ट मागितली. आधी एका खासगी लॅबमधून टेस्ट करून घेतल्याचंही त्यानं सांगितलं होतं. कुटुंब न्यायालयानं टेस्टला परवानगी दिली, मुंबई हायकोर्टानं ती कायम ठेवली. पण २० फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही आदेश रद्द केले. कारण काय? भांडण नवराबायकोचं, मूल त्या भांडणात पक्षकारच नाही. बायकोची चूक दाखवायचा सोपा रस्ता म्हणून मुलाचं शरीर वापरता येणार नाही. आपली जनुकीय माहिती उघडी न पडू देण्याचा हक्क मुलालाही आहे. नवऱ्याला आरोप सिद्ध करायचाय तर त्यानं दुसरे पुरावे आणावेत.

मग डीएनएला कोर्टात किंमतच नाही का? आहे. नागपूर भागातल्या एका पोटगीच्या प्रकरणात कोर्टाच्या आदेशानंच टेस्ट झाली होती, एकदा नागपूरला आणि मग पुन्हा हैदराबादला. दोन्ही वेळा उत्तर आलं की तो माणूस जैविक बाप नाही. जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कायद्यानं धरून चाललेली गोष्ट आणि विज्ञानानं दाखवलेलं सत्य यांत टक्कर झाली तर सत्य जिंकेल. पण आधी दिलेली पोटगी परत मागता येणार नाही, हेही त्याच निकालात सांगितलं.

आणि कधी मूलच टेस्ट मागतं. रोहित शेखर यांनी ज्येष्ठ नेते नारायण दत्त तिवारी आपले वडील आहेत असा दावा केला. तिवारी नमुना द्यायला तयार नव्हते. शेवटी २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशानं त्यांचं रक्त घेतलं गेलं आणि रिपोर्टनं रोहित यांचं म्हणणं खरं ठरवलं. टेस्ट तीच. पण इथं मोठं झालेलं मूल स्वतःहून आपला हक्क मागत होतं. मागतं कोण आणि सोसतं कोण, याच्यावर सगळा फरक पडतो.

गुपचूप किट मागवलं तर?

आता तिसरा प्रश्न. इन्स्टाग्रामवर जाहिरात येते: घरबसल्या किट, मनःशांतीसाठी टेस्ट. काही हजार रुपये भरायचे, काड्या पाठवायच्या, आठ-पंधरा दिवसांत पीडीएफ मोबाइलवर.

त्या पीडीएफची कोर्टात किंमत काय? नमुना कुणी घेतला, कुणासमोर घेतला, काडी खरंच त्याच बाळाची होती का, याचा काहीच पुरावा नसतो. कायदेशीर टेस्टमध्ये ओळखपत्र बघतात, फोटो आणि अंगठा घेतात, साक्षीदारासमोर नमुना सीलबंद करतात. ही साखळी नसेल तर समोरचा वकील दोन मिनिटांत रिपोर्ट बाजूला सारेल. अनेक खासगी कंपन्या अशा किटच्या रिपोर्टवर स्वतःच लिहितात की हा कायदेशीर कामासाठी नाही.

पण माझा मोठा मुद्दा वेगळाच आहे. समजा रिपोर्ट 'जुळतो' आला. तुम्हाला हायसं वाटलं. पण ज्या बाईनं तुमचं मूल नऊ महिने पोटात वाढवलं, तिला कळलं की ती बाळंतिणीच्या खोलीत असताना तुम्ही तिच्या लेकराची काडी कुरिअर केली, तर पुढं काय? आणि समजा 'जुळत नाही' आला. तुमच्या हातात असा कागद आहे जो कोर्टात चालत नाही आणि डोक्यातून जात नाही. कायद्यानं बाप तुम्हीच. पाळण्यातलं लेकरू तुमच्याकडं बघून हसतंय. त्या रात्री काय करायचं याची कसलीही माहिती किटच्या डब्यात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: संशय असेल तर आधी माणसाशी बोला. डॉक्टरांना तारखांचा हिशोब विचारा, रक्तगट पुन्हा तपासा. तरीही मिटत नसेल तर समुपदेशकाकडं किंवा वकिलाकडं जा, आणि जे करायचं ते उघडपणे, बाळाच्या आईला सांगून करा.

टेस्ट खरंच गरजेची असते तेव्हा

काही वेळा टेस्ट हवीच असते. एक, रुग्णालयात बाळ बदलल्याची रास्त शंका. तेव्हा वेळ घालवू नका. लगेच लेखी अर्ज द्या, केस पेपरची प्रत मागा, पोलिसात तक्रार करा. नमुने पोलिसांमार्फत सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. राज्याचं मुख्यालय मुंबईत कलिनाला आहे. रिपोर्ट येईपर्यंत एक गोष्ट सांभाळा: जे बाळ समोर आहे त्याला दूध आणि ऊब मिळू दे. ते कुणाचं का असेना, त्याची काय चूक?

दोन, लग्न न करता पुरुषानं हात झटकले तर. पोटगीसाठी मूल लग्नातलं आहे की नाही याची अट कायद्यात नाही. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता नव्या संहितेचं कलम १४४ आहे. बाप नाकारत असेल तर कोर्टामार्फत डीएनए टेस्ट मागता येते, आणि अशा ठिकाणी तीच टेस्ट लेकराची ढाल होते. तीन, अत्याचाराचा गुन्हा, विशेषतः अल्पवयीन मुलीवर झालेला. तिथं डीएनए हा मोठा पुरावा असतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्यानं महिला आणि मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यांचं उत्पन्न कितीही असो. सोलापूरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवर १५१०० लावा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

आणि ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी, बाळंतपण आपल्या ग्रामीण रुग्णालयात असो की सोलापूरच्या सिव्हिलमध्ये:

जन्म झाल्यावर बाळ आईला दाखवायला सांगा. मुलगा की मुलगी, वजन आणि वेळ स्वतः ऐका. केस पेपरवर तेच लिहिलंय का ते सही करायच्या आधी वाचा. बाळाच्या मनगटावर किंवा पायावर आईच्या नावाची पट्टी बांधली का ते बघा. बाळाला काचेच्या पेटीत किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर घरातलं एक माणूस सोबत पाठवा, आणि हलवण्याआधी पट्टी व कागद पुन्हा एकदा जुळवा. चूक दिसली तर नर्सताईंना तिथल्या तिथं सांगा. रात्रपाळीला एकटीच्या अंगावर पूर्ण वॉर्ड असतो, त्यामुळं आवाज न चढवता सांगा, त्या दुरुस्त करतील.

या सगळ्याला मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. घरात कुणी बाळंतीण होणार असेल तर हा भाग तिच्या नवऱ्याला पाठवा, आणि पुढचं बारसं जिथं असेल तिथल्या त्या दोन काकांनाही. भेटू पुढच्या भागात.